लक्ष्मण वल्द सोमा, चार वेळा

४ जानेवारी १९५४

नवी वही. जुनी रोजनिशी उंदरांनी खाल्ली, मे ते ऑगस्ट साफ गायब. जाऊ दे, त्यात होतं तरी काय.

कचेरीत आज अकरा बस्ते आले. मालगुजारी गेली अन् मालगुजारांचे कागद आमच्या डोक्यावर आले. कोणत्या गावात तलावावर, कुरणावर, मासळीवर कोणाचा हक्क, त्याच्या जुन्या याद्या. नायब साहेब (लिहायचा कंटाळा, इथून पुढं ना.सा.) सागरकडचे. मराठी समजते, बोलत नाहीत. बस्त्यांकडे बोट करून म्हणाले, "बाबू, इसकी साफ नकल चाहिए. हर रकाने में एक ही चीज. मार्च के पहले."

एका रकान्यात एकच गोष्ट. ऐकायला किती सोपं! पहिला बस्ता सोडला अन् संध्याकाळपर्यंत शिंकत होतो.

६ जानेवारी

हे लिहिणारा मालगुजाराचा दिवाणजी कोणी असो, भेटला तर त्याच्या हातातला टाक काढून घेईन. रकाना दुसरा, वर लिहिलंय "नाव". त्यात आज काय काय सापडलं: "सोमा लंगडा आंब्याखालचा". "तोच". "वरीलप्रमाणे", अन् वर पाहावं तर पान सुरू होतंय, वर काही नाही. "पटवाऱ्यास ठाऊक". एका ठिकाणी नुसतं "म्हैस मेली".

कोणाची मेली? हक्क कोणाचा, म्हशीचा?

बाबूराव पलीकडच्या टेबलावर. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, पेन्शनीला दोन वर्षं राहिली. तंबाखू मळत म्हणाले, "कायले जीव काढून राह्यले? जसं हाय तसं उतरवा न." जसं आहे तसं उतरवायला माकड बसवलं तरी चालेल.

११ जानेवारी

आज डोकं चाललं. नोंदी वेड्यावाकड्या, पण वेडेपणालाही एक चाल आहे. बहुतेक ठिकाणी आधी नाव, मग "वल्द", मग बापाचं नाव, मग "साकिन", मग गाव. मधे जात, वय, म्हशी. तर एकेक नोंद घेऊन कपाळ धरून बसण्यापेक्षा आधी चाल ओळखायची अन् सगळ्या बस्त्याला एकच नियम लावायचा.

खुणा ठरवल्या. गोल म्हणजे कोणताही एक शब्द. लाट म्हणजे कितीही शब्द, एकही नसला तरी हरकत नाही. चौकटीतला शब्द म्हणजे तोच शब्द पाहिजे, दुसरा चालणार नाही. मग पहिला नियम असा: गोल, चौकटीत वल्द, गोल, चौकटीत साकिन, लाट. पहिला गोल रकाना दोनमध्ये, दुसरा गोल रकाना तीनमध्ये, लाट रकाना चारमध्ये. झालं!

बाबूरावांना कागद दाखवला. उलटा धरून पाहिला. "हे काय, रांगोळी?" म्हणाले.

१८ जानेवारी

नियमानं चार दिवसांत तीन बस्ते उरकले. खुशीत होतो. आज तपासायला घेतलं तर रकाना चार, गाव: "बोर्डा जात माळी वय साठ म्हैस मेली".

हे अख्खं गावाचं नाव! माझ्या लाटेनं जे समोर आलं ते गिळलं. साकिन म्हटल्यावर ओळ संपेपर्यंत सगळं गाव. एक नाही, असल्या तीस-चाळीस निघाल्या. बाबूरावांनी मोठ्यानं वाचून दाखवलं अन् चपराशीसुद्धा हसला. ना.सा. आतून ओरडले, "क्या हो रहा है उधर?"

काही नाही साहेब, म्हैस मेली.

२० जानेवारी

लाटेला बांध घातला. पहिल्यांदा "जात" किंवा "वय" दिसलं की तिथंच थांबायचं, पुढं जायचं नाही. तीन बस्ते पुन्हा पहिल्यापासून. बोटाला शाईचे घट्टे. घरी कमल म्हणाली, "जेवताना तरी हवेत गोल काढू नका." माझ्या ध्यानातही नव्हतं.

९ फेब्रुवारी

नऊ बस्ते झाले. नियम आता सहा. चौथ्यावर माझा फार जीव: नाव तेच, बापाचं नाव तेच, गाव तेच, तर माणूस तोच. पहिली नोंद ठेवायची, बाकीच्यांवर लाल शाईची काट. या एका नियमानं यादी किती हलकी झाली! दिवाणजीला एकच माणूस दोन-दोनदा लिहायची खोडच होती.

आज बोडीटोला. कचेरीपासून आठ कोस, जंगलात. तलावाच्या मासळीच्या पानावर "लक्ष्मण वल्द सोमा" चार वेळा. चार! एका ठिकाणी तर आधी "महादेव वल्द लक्ष्मण" लिहिलेलं, ते खोडून त्यावर दुसऱ्या शाईनं पुन्हा "लक्ष्मण वल्द सोमा". म्हणजे बरोबर लिहिलेलं खोडून चूक लिहिलं. धन्य.

बाबूराव वाकून पाहत होते. "चार डाव काऊन लिहिन कोनी? मासे धरनाऱ्या धिवराईचं गाव हाय. एकडाव इचारून घ्या."

म्हटलं, "दिवाणजी झोपेत होता म्हणून. आठ कोस जाऊन विचारायचं का आता एकेका नावासाठी?"

तीन लाल काटा. एक लक्ष्मण ठेवला.

२६ फेब्रुवारी

नकल पूर्ण. एक प्रत वर जिल्ह्याला, चांद्याला, एकेक उतारा गावोगावच्या पटेलांकडे. ना.सा.नी पानं उलटली. एका रकान्यात एकच गोष्ट, ओळीत ओळ. म्हणाले, "पहली बार कोई कागज पढ़ने लायक बना है." बाबूरावांच्या देखत म्हणाले. येताना कमलसाठी बत्तासे घेतले.

१० मार्च

दुपारी ओट्यावर एक बाई. पन्नाशीची असावी, काळी, उंच, लुगड्याला वाळल्या मासळीचा वास. चपराशी हाकलत होता, ती हलत नव्हती. मला पाहून म्हणाली, "यादी करनारे बाबू तुमीच काय?"

होय म्हटलं.

"मंग आमचे तीन जाळे कुठी गेले?"

मला कळेना. नाव पार्वताबाई, बोडीटोल्याची धिवरीण. पटेलानं कागद वाचून सांगितलं म्हणे, की लक्ष्मणाचं एकच जाळं, बाकीच्या तिघांनी तलावात उतरायचं नाही.

म्हटलं, "बाई, एका माणसाचं एकच जाळं. लक्ष्मणालाच घेऊन या, त्याला समजावतो."

"लक्ष्मन माहा सासरा. तो मेला, बाप्पा. माह्या लग्नाच्या आंधीच मेला."

"मग मेलेल्या माणसाचं नाव यादीत काऊन?"

माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच काही वेड्यासारखं बोललो. मग लहान लेकराला सांगावं तसं सांगितलं. लक्ष्मणाला चार पोरं. चार घरं झाली, चार जाळी झाली. पण जाळं माणसाच्या नावानं नसतं, थोरल्या मेलेल्याच्या नावानं असतं. तलाव मासळीला उघडायच्या दिवशी काठावर उभं राहून एकेक जाळं नाव घेऊन बोलावतात. चारदा लक्ष्मण म्हणतात, चार घरं उतरतात. "जित्या माणसाचं नाव पान्यावर नाई बोलवत, बाबू."

कपाळावर हात मारला. म्हटलं, "तुमच्या रिवाजापायी माझी यादी..."

"तुमच्या यादीपायी माह्या घरचं पोट," ती म्हणाली. शेत नाही एक बांधभर. तलाव उघडल्यावर आठ दिवसांत धरलेली मासळी वाळवायची, तिच्यावर पावसाळा काढायचा.

बाबूराव मान खाली घालून तंबाखू मळत राहिले. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

१२ मार्च

ना.सा.ना सांगितलं. ऐकून घेतलं, ओरडले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, "जितने नाम, उतने जाल. बाकी पानी नीलाम में जाएगा, ठेकेदार लेगा." काट मारलेल्या तीन जाळ्यांचा वाटा म्हणजे ठेकेदाराचा. दुरुस्ती करता येईल का? येईल. जिवंत माणसांची नावं, प्रत्येकाचा अंगठा, महिनाअखेरपर्यंत. मग चांद्याला मंजुरीसाठी. मी म्हटलं, त्यांचा रिवाज असा असा आहे. "तो मरे हुए का अंगूठा कहाँ से लाओगे, बाबू?"

खरं म्हणजे माझा नियम चूक नव्हताच. नाव तेच, बाप तोच, गाव तेच. जगात कुठंही लावा, बरोबर येईल. बोडीटोल्यातच येत नाही! काय करावं असल्या गावाला.

१४ मार्च

आज रविवार, म्हणून स्वतःच्या पायानं गेलो. आलापल्लीच्या सडकेनं सागवानाची गाडी जात होती, तिच्यावर अर्धी वाट, पुढं सायकल हातात धरून. रेतीत सायकल म्हणजे ओझं.

पोचलो तर धिवर मोहल्ल्यात चिटपाखरू नाही. मोहफूल पडायला लागलंय, अख्खं गाव रानात वेचायला. एक म्हातारा खाटेवर. "कुठी गेले सगळे?" "मोहाले." "कधी येतील?" "आले म्हंजे येतील." दोन तास त्याच्या शेजारी बसलो. मोहाच्या वासानं डोकं भणभणलं.

दुपारी टोपल्या घेऊन आले. चारही घरं जमली. अन् मी तोंड उघडायच्या आत भांडण. यादीतला जो एक लक्ष्मण मी शिल्लक ठेवला तो कोणाचा? थोरला म्हणतो माझा, धाकटा म्हणतो मले बापानं जाळं हातात देल्लं होतं. चार घरं आजवर एका नावाखाली गुण्यागोविंदानं मासे धरत होती. भांडण मी आणलं, कचेरीतून, साफ नकल करून.

शेवटी ओरडून सांगितलं: एक लक्ष्मण थोरल्याला राहू द्या, बाकीच्या तीन घरांनी एकेक जिवंत नाव द्या, मी लिहितो.

कोणी नाव देईना. म्हटलं, नुसतं कागदावर लिहायचं. धाकटा म्हणाला, "कागदावर लिवलं तं पटेल तेच बोलवन न?" बोलावणारच.

पार्वताबाई मला तलावापर्यंत सोडायला आली. तिचा मुलगा रघू, विशीचा असेल, पाण्यात उभा राहून जाळं धूत होता. ती त्याच्याकडं पाहत बोलली, माझ्याकडं नाही. तिच्या नवऱ्याचं नाव महादेव. मालगुजाराकडं नवा दिवाणजी आला होता, शिकलेला. म्हणाला मेलेल्यांची नावं चालणार नाहीत. त्यानं महादेवचं नाव लिहिलं अन् काठावर उभं राहून बोलावलं. "त्याच साली बुडाला. याच तलावात. पोहनारा मानूस." मग त्याच दिवाणजीनं ते नाव खोडून परत लक्ष्मण लिहिलं.

"तुमच्यासारकाच होता, बाबू. मानूस वाईट नोता."

दुसऱ्या शाईनं. मी पाहिलं होतं ते अन् हसलो होतो.

१५ मार्च

अंग दुखतंय. राग कोणावर काढावा कळत नाही म्हणून भाजीत मीठ जास्त म्हणून भांडलो. मीठ होतं बरोबरच.

कमलला सगळं सांगितलं. ती फळीवरचे चार डबे पुसत होती. चारही डबे एकाच बिस्किटाच्या कंपनीचे, चारहींवर तीच गोरी बाई. एकात साखर, एकात चहा, एकात मीठ, एकात हळद. म्हणाली, "तुम्ही यांची यादी केली असती, तर तीन फेकून दिले असते."

वर हसलीसुद्धा. मला नाही आलं हसू.

१९ मार्च

पाण्याला काय कान असतात? माणूस बुडायचा तर बुडतो, नाव बोलावलं म्हणून नाही. किती माणसं बुडतात तलावांत. शाळेत शिकलेला माणूस मी, मॅट्रिक दुसऱ्या वर्गात. हे सगळं कमलला जोरात सांगितलं. ती म्हणाली, "मग त्या पोराचं नाव तुम्हीच लिहून टाका, अंगठाही कोणाचाही घ्या. कोणाला कळतंय?"

टाक घेऊन बसलो होतो कचेरीत, खोटं कशाला बोला. "रघू वल्द महादेव". नियमात चपखल बसतं. गोल, वल्द, गोल.

लिहिलं नाही. म्हणजे त्या गोष्टीवर विश्वास आहे म्हणून नाही. नाही लिहिलं, इतकंच.

२१ मार्च

पुन्हा रविवार, पुन्हा बोडीटोला. या वेळी गाडी नाही, सगळी वाट सायकल अन् पाय. टाचेला फोड.

भावांनी पुन्हा तेच. "आमी जित्याचं नाव नाई देत." मग उपाशी राहा म्हटलं. खरंच म्हटलं, चांगलं मोठ्यानं. आठ कोस काय हौस म्हणून येतो मी? माझी सुट्टी, माझे पाय! म्हातारा खाटेवरून म्हणाला, "बाबू, पानी प्या." प्यायलो. गूळही दिला.

पार्वताबाई इतका वेळ मोह वाळत घालत होती. हात झटकून आली अन् म्हणाली, "माहं लिवा."

धाकटा दीर म्हणाला, "बाईचं?"

"हाव, बाईचं. बाईचं नाव आजवर पान्यावर कोनी बोलवलंच नाई. पान्याले का ठाऊक."

"अन् ठाऊक झालं तं?"

"झालं तं झालं. पोराचं नाव नाई देत मी. बुडन तं मी बुडन."

असं म्हणाली, जसं बाजारातून मीठ आणते म्हणावं. मग तिच्या दोन जावा एकमेकींकडं पाहू लागल्या. एक म्हणाली सीता, मग दुसरी म्हणाली भागरता. तीन अंगठे घेतले. पार्वताबाईचा अंगठा जाळ्याच्या दोरीनं इतका घासलेला की कागदावर रेषाच उमटेना, नुसता काळा डाग. तीनदा घेतला.

मी सवयीनं लिहायला लागलो, "पार्वताबाई बेवा महादेव", म्हणजे महादेवची विधवा, कागदात असंच लिहितात. वाचून दाखवलं. तिनं माझा हात धरला. "त्याचं नाव नका लिवू. पटेल वाचन तं त्याचं नाव परत पान्यावर जाईन."

मग बापाचं? बाप कुठल्या गावचा, तो या तलावावर कशाला.

नुसतं लिहिलं: पार्वताबाई. साकिन बोडीटोला. मधला रकाना कोरा. माझ्या सहा नियमांपैकी एकातही ही नोंद बसत नाही. गोल आहे, वल्द नाही, गोल नाही. बस, एक गोल.

२२ मार्च

ना.सा.नी बोट ठेवलं ते नेमकं कोऱ्या जागेवर. "यह रकाना खाली क्यों है?"

सांगितलं. सगळं. महादेव, दिवाणजी, दुसरी शाई. मधेच वाटलं मी काय बरळतोय सरकारी कचेरीत. ना.सा.नी चष्मा काढला. सागरकडं त्यांच्या गावीही मोठा तलाव आहे म्हणे, एवढंच बोलले. मग पुन्हा साहेब झाले: "मैं भेज दूँगा. मंजूर करना न करना ऊपरवालों का काम. जब तक जवाब नहीं आता, पुरानी यादी ही यादी है. समझे?"

समजलो.

५ एप्रिल

चांद्याहून उत्तर नाही.

१३ एप्रिल

उत्तर नाही. डाकवाला मला पाहिलं की लांबूनच हात हलवतो. बाबूराव म्हणाले, "वरचे बाबूबी तुमच्यासारकेच असतीन तं? त्याईचाबी कोनता तरी नियम असन, कोरा रकाना दिसला का फेका." टोमणा होता का सहज, कळलं नाही. पण खरं आहे. माझा कागद आता माझ्यासारख्याच एखाद्याच्या टेबलावर पडलाय, अन् त्याच्या हातात लाल शाई. विचार करून जेवण गेलं नाही.

२२ एप्रिल

कोतवाल बोडीटोल्याहून सांगत आला. तलाव २८ला उघडणार. ठेकेदाराचा माणूस येऊन काठ पाहून गेला, उरलेल्या पाण्याचा लिलाव त्याच दिवशी, तिथंच. ना.सा.ना विचारलं, तारीख पुढं नेता येईल? "पानी रुकेगा क्या, बाबू? मई में घुटने भर रह जाता है." नाही म्हणजे नाही.

२८ला हजर राहायला कचेरीतून एक कारकून पाठवतात, लिलावाचा कागद लिहायला. बाबूरावांची पाळी होती. सकाळी म्हणाले, "माहे गुडघे दुखून राह्यले. तुमीच जा न." गुडघे कालपर्यंत ठणठणीत होते.

२८ एप्रिल

झालं ते लिहून ठेवतो, नंतर मलाच खोटं वाटेल.

सकाळी सातला तलावावर. अख्खं गाव काठावर, टोपल्या, जाळी, लेकरं, कुत्री. ठेकेदाराचा माणूस छत्री लावून बसलेला. पटेलाच्या हातात माझाच उतारा, माझंच अक्षर, सुबक, एका रकान्यात एकच गोष्ट. तो एकेक नाव मोठ्यानं म्हणे अन् एकेक जाळं पाण्यात उतरे. किती मेलेली माणसं बोलावली त्यानं! अन् प्रत्येकाच्या नावाला कोणीतरी जिवंत माणूस "हाव" म्हणे. मला वाटलं होतं हा अडाणीपणा. काठावर उभं राहून ऐकला तेव्हा अंगावर काटा आला.

"लक्ष्मन वल्द सोमा."

थोरला उतरला.

पटेलानं पुढचं नाव घेतलं, दुसऱ्याच घराचं. पार्वताबाई अन् तिच्या दोन जावा जाळी खांद्यावर घेऊन तशाच उभ्या. कोणी आरडाओरडा केला नाही. सगळा गाव माझ्याकडं पाहू लागला. रघू पाहत होता. ठेकेदाराच्या माणसानं छत्री मिटली.

खिशात दुरुस्तीची कार्बन प्रत होती. मंजूर नाही. वर ना.सा.ची सही नाही, चांद्याचा शिक्का नाही. माझ्या हातचे तीन शब्द अन् तीन डाग.

काढली. पटेलाला म्हटलं, "अजून तीन आहेत."

पटेलाला वाचता येतं, त्यानं कागद पाहिला अन् परत माझ्या हातात दिला. "हे नाव मी नाई बोलवत, बाबू. तुमीच बोलवा."

तेव्हा कळलं त्या दिवाणजीला काय वाटलं असेल. नाही, त्याला काही वाटलंच नसेल, त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मॅट्रिक, दुसरा वर्ग, अन् पाण्याकडं बघवत नव्हतं. पार्वताबाईकडं पाहिलं. तिनं पदर खोचला, जाळं खांद्यावरून हातात घेतलं, अन् मान हलवली, चला म्हणावं तशी.

"पार्वताबाई," म्हटलं. तिच्यापर्यंतही पोचलं नसेल. पुन्हा म्हटलं. "पार्वताबाई, साकिन बोडीटोला."

काठावर एक कुत्रं तेवढं पाणी पीत होतं.

ती आधी रघूकडं वळली. त्याला काहीतरी म्हणाली, ऐकू आलं नाही. मग पाण्याकडं तोंड करून, चांगलं मोठ्यानं, "हाव!"

अन् उतरली. स्वतः. जाळं रघूच्या हातात देईल वाटलं होतं, नाही दिलं. कमरेपर्यंत पाण्यात गेली अन् असं फेकलं की गोल, अगदी पुरा गोल, पाण्यावर पडला.

मग सीता. मग भागरता. ठेकेदाराचा माणूस ओरडत होता, हे कागदात कुठं आहे म्हणून. म्हटलं, माझ्या कागदात आहे. तक्रार लिहून दे. लिलाव झाला नाही. पाणी उरलंच नाही लिलावाला.

येताना पटेलानं टोपलीभर मासळी देऊ केली. घेतली नाही. घेतली असती तर लाच ठरली असती, सगळंच गेलं असतं.

३० एप्रिल

ना.सा.कडं ठेकेदाराची तक्रार पोचली. "किसके हुक्म से पढ़ा?" कोणाच्याच नाही, म्हटलं. तक्रारीचा कागद उलटा ठेवला. "मंजूरी आ गई तो कुछ नहीं. नहीं आई तो लिखित जवाब देना पड़ेगा. और वो तीनों अगले साल भी नहीं उतरेंगी." बाहेर आलो तर बाबूरावांनी न विचारता तंबाखू पुढं केली. मी खात नाही. घेतली. ठसका लागला.

११ मे

उत्तर नाही. कमल म्हणते, नोकरी गेली तर तिच्या माहेरी वर्ध्याला पिठाची चक्की आहे. म्हटलं, चक्कीवर तरी रकाने नसतील. "डबे असतात," ती म्हणाली.

पोंभुर्ण्याकडचे दोन बस्ते आले आज. नवे. नियमांचा कागद काढला. चौथा नियम खोडला नाही, त्याच्यापुढं लिहिलं: "काट मारण्यापूर्वी गावात विचारणे." बाबूरावांनी वाचलं. दिवसभर गुणगुणत होते. फार चीड आली.

२९ मे

बोडीटोल्याचा कोतवाल आला होता, दुसऱ्याच कामाला. त्यानं पिशवी खाली ठेवायच्या आत विचारलं, पार्वताबाई कशी आहे. "बरी हाय." पाण्यात जाते? "धिवरीन हाय, बाबू. रोज जाते."

रोज कशाला जायचं? मासळी वाळवून झाली ना? उगाच.

५ जून

चांद्याहून डाक आली. मोठं पाकीट. फोडलं तर शाईच्या बाटल्यांची पावती.

कोतवाल पुन्हा आला. या वेळी मी काही विचारायच्या आधीच हसत म्हणाला, "बरी हाय, बाबू, बरी हाय. तुमी येवढं काऊन इचारून राह्यले? तुमची कोन लागते ते?"

कोणी नाही म्हटलं. यादीचं काम आहे.

तलावात आता गुडघाभर पाणी राहिलंय म्हणाला. पाऊस लागला की महिन्याभरात काठोकाठ भरेल. त्याला सांगितलं, पुढच्या आठवड्यातही ये. काम नसलं तरी ये.